गाव आपले होणे : देवासच्या निमित्ताने



मला दिलेला विषय 'लहान गाव आणि आपलेपणा' असा आहे. त्यावर बोलायचे तर आपल्यापैकी प्रत्येकाला शंभरदा विचारला गेलेला एक प्रश्न आधी समोर घ्यावा लागतो : 'तुम्ही मूळचे कुठले?' पुण्या-मुंबईत कुणी विचारले की आपण इंदूर, देवास, धार, उज्जैन असे काही सांगतो. समोरचा म्हणतो, 'ते झालं हो, पण मूळचे?' मग आपण साताऱ्याकडचे नाहीतर कोकणातले एखादे गाव सांगतो. ते गाव आपण पाहिलेले नसते. पुष्कळदा आजोबांनीही पाहिलेले नसते. आणि इकडे माळव्यात कुणी विचारले, तर कैक पिढ्या इथे काढूनही आपण म्हणतो, 'हम तो महाराष्ट्रीयन हैं.' म्हणजे तिकडे आपण इकडचे, आणि इकडे आपण तिकडचे.

हे गाऱ्हाणे जुने आहे आणि ते पुन्हा उगाळायला मी उभी नाही. मला पडलेला प्रश्न थोडा वेगळा आहे. एखादे गाव माणसाचे होते ते नेमके कशाने? पिढ्या मोजून? घर बांधून? खसऱ्यावर नाव लागले म्हणून?

उत्तर शोधायला मी इंदूर न घेता देवास घेते आहे. इंदूर मोठे आहे. तिथे मराठी माणसाला मनात आणले तर सगळे आयुष्य मराठीत काढता येते : नाटक मराठी, वाचनालय मराठी, भटजी मराठी, डॉक्टर मराठी, भांडायला शेजारीही मराठी. लहान गावात ही सोय नसते. दूधवाला, शिंपी, शाळेतले मास्तर, दुखण्यात रात्री धावून येणारा शेजारी, ही सगळी माणसे दुसऱ्या बोलीची. तिथे आपलेपणाचा हिशेब रोजच्या रोज होतो. इंदूरपासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवरचे देवास त्यासाठी मला चांगले वाटते, शिवाय या गावाच्या इतिहासात हा प्रश्न विलक्षण रीतीने तीन-चारदा उभा राहिला आहे.

देवासची एक गंमत तुम्हांला ठाऊकच असेल. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी हे संस्थान वसवले, आणि पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. गावातले रस्तेसुद्धा वाटून घेतलेले. दोन्ही दरबारांची घरची भाषा मराठी. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केलेली भाषा एकाएकी गावातल्या काही घरांची भाषा होऊन बसली. राज्य केले म्हणून गाव आपले होत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा दुसरा कुठला शोधायचा? थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव तर कर्जाच्या आणि संस्थानी कारभाराच्या कटकटीतून १९३४ मध्ये पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. ज्याच्या नावावर गाव होते त्याला शेवटी गावात राहता आले नाही.

पण पवारांबरोबर जी आली ती मात्र राहिली. देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत. एक तुळजाभवानी, पवारांची कुलदेवता, दुसरी चामुंडा. गावात कुणाला विचारा, त्या बहिणी आहेत : 'बड़ी माता' आणि 'छोटी माता'. त्यांच्या भांडणाची आणि समजूत घालण्याची गोष्ट टेकडी चढणारे कोणतेही लेकरू तुम्हांला सांगेल. नवरात्रात माळव्याच्या खेड्याखेड्यांतून माणसे पायी येतात. त्यांतल्या बहुतेकांनी तुळजापूरचे नाव ऐकलेले नसते, आणि ते ऐकण्याची त्यांना गरजही पडत नाही. मला ही लोककथा फार शहाणी वाटते. बाहेरून आलेल्या देवीला गावाने आपले म्हटले ते तिला नाते देऊन. तिला कुणाची तरी बहीण करावे लागले. दोन पात्यांच्या राजांना गावाने असे काही केले नाही. तेही सख्ख्या भावांचे वंशज होते हे सोडून द्या.

देवासला आलेला आणि देवासवर खरोखर जीव लावलेला एक परदेशी पाहुणाही होऊन गेला. ई. एम. फॉर्स्टर इथे प्रथम १९१२-१३ च्या प्रवासात आला आणि १९२१ मध्ये काही महिने याच तिसऱ्या तुकोजीरावांचा खाजगी सचिव म्हणून राहिला. त्या दिवसांची पत्रे आणि आठवणी त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात एकत्र केल्या. राजवाड्यातल्या गोकुळाष्टमीचे त्याने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. त्या उत्सवाची छाया 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीच्या शेवटच्या भागावर पडली आहे, आणि तिथे प्राध्यापक गोडबोले नावाचा गृहस्थ तुकारामाच्या नावाचा गजर करतो. इंग्रजी वाङ्मयातल्या एका नामवंत कादंबरीत तुकोबा शिरले ते देवासच्या दाराने, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आहे. पण फॉर्स्टरने ऐकले ते मुख्यतः वाड्याच्या आतले देवास. वाड्याबाहेरच्या आळीत काय गायले जात होते, तिकडे त्याच्या पुस्तकाचा कान फारसा जात नाही. पाहुण्याला ते जमणारही नव्हते. त्याचे प्रेम खरे होते, पण तो पाहुणाच राहिला.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. १९४८ मध्ये देवासला एक तरुण आजारी माणूस राहायला आला. त्याचे जन्मनाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. लहानपणीच 'कुमार गंधर्व' हे बिरुद मिळालेले, मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे तालीम झालेली, नाव झालेले, नुकतेच भानुमतीबाईंशी लग्न झालेले. आणि क्षय. हवा कोरडी म्हणून देवास. गाण्याला बंदी. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन नुकते कुठे मिळू लागले होते. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून संसार आणि आजारपण दोन्ही सांभाळले. ज्या वयात गवई गावोगावी मैफली करत फिरतो, त्या वयातली जवळपास पाच वर्षे हा माणूस खाटेवर होता.

बेळगाव सीमेवरून आलेला कानडी घरातला, मराठीत वाढलेला, हिंदुस्थानी संगीत शिकलेला हा माणूस माळव्यात सर्वार्थाने उपरा होता. गावात हिंडून ओळखी करून घ्याव्यात अशी प्रकृती नव्हती. भजनी मंडळात बसून गावात मिसळावे, तर गाणेच बंद. आपण ज्याला 'समाजात मिसळणे' म्हणतो त्याचे सगळे मार्ग त्याला बंद होते. उघडे होते ते कान. रस्त्याने जाणाऱ्या बायका गात होत्या. लग्नाची, बाळंतपणाची, पावसाची, सणांची गाणी, माळवी बोलीतली. झोळी घेऊन दारावर येणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजने म्हणत होते. गाव त्याच्या खिडकीवरून जात होते, आणि तो पडल्या पडल्या ऐकत होता.

ऐकत तर देवासची कितीतरी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या होती! तीच गाणी त्यांच्याही दारावरून जात होती. तेव्हा कान उघडे असणे पुरे पडत नाही. आमच्या सुशिक्षित घरांतून या गाण्यांकडे पाहण्याची एक रीत होती : 'ते बायकांचं काहीतरी चाललंय', किंवा 'गावठी आहे'. कुमारांनी त्या 'काहीतरी'कडे शिष्य होऊन पाहिले. गाणी गोळा केली, स्वरलिपीत उतरवली, एकेका धुनेत मोजके चार-पाच स्वर असताना ती इतकी पुरी कशी वाटते, याचा विचार केला. आणि त्यातून त्यांच्या ध्यानात आले की रागांचे बीज इथे आहे. धुनेतून उगवलेले म्हणून 'धुनउगम' राग हे नाव त्यांनी दिले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, निंदियारी ही त्यांतली काही नावे. नावांकडे नुसते पाहा : माळवा आहे, लगीनघर आहे, सहेली आहे, झोप आहे. १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातल्या बंदिशींची बोली अनेक ठिकाणी माळवीकडे झुकलेली रसिकांना दिसली. 'मालवा की लोकधुनें' हा तर पुरा कार्यक्रमच. ज्या बायकांची गाणी आळीच्या टोकाला विरून जात होती ती मुंबई-पुण्याच्या सभागृहांत लोक श्वास रोखून ऐकू लागले.

निर्गुणी भजनांचेही तसेच. देवासला शीलनाथांची धुनी आहे. तिथल्या भजनसंग्रहातली अनेक पदे पुढे कुमारांच्या गाण्यात आली. त्यांचे कबीर ऐकलेला माणूस ते विसरू शकत नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण एक गोष्ट नीट पाहावी. कुमार जोग्यासारखे गायले नाहीत. माळवी माणूस असल्याचे सोंग त्यांनी कधी घेतले नाही. गाणे त्यांचेच राहिले. त्यात माळव्याला जागा झाली. आणि याच माणसाने 'तुकाराम : एक दर्शन' बांधले, 'मला उमजलेले बालगंधर्व' केले, मराठी भावगीते गायली. माळवीकडे गेल्याने मराठी उणावली असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. माझे तर मत आहे की कबिराचे निर्गुण गळ्यात मुरल्यामुळे त्यांचा तुकाराम निराळा झाला. संगीताचे जाणकार याविषयी अधिक अधिकाराने बोलू शकतील.

बरे झाल्यावर त्यांना मुंबईला परत जाता आले असते. ते देवासलाच राहिले. टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' झाले, आणि १२ जानेवारी १९९२ रोजी ते देवासलाच गेले. आज देवासची ओळख सांगताना माणसे टेकडी सांगतात, बँक नोट प्रेस सांगतात आणि कुमारजी सांगतात. 'कुमारजी', बरे का. 'वो महाराष्ट्रीयन गायक' नाही. त्यांना 'मूळचे कुठले' हे देवासमध्ये कुणी विचारत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे असामान्य माणसाचे उदाहरण झाले. आम्ही काय रोज राग निर्माण करायचे? शंका रास्त आहे. म्हणून एक अगदी साधे उदाहरण देते, जे माझ्या वयाच्या इथल्या बायकांनी स्वतः केलेले आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत माळव्यातल्या मुली संजा मांडतात. रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची नवी आकृती, तिला फुलांच्या पाकळ्या, मग आरती आणि संजाबाईची माळवी गाणी. शेवटी मोठा किलाकोट आणि मग सगळे खरवडून पाण्यात सोडायचे. अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि आमच्या घरांतून भोंडल्याचा पाट मांडला जायचा. मधे एका दिवसाचीही फट नाही. काल संजाबाईला सासरी धाडणारी मुलगी आज हत्तीभोवती फेर धरायची. पितृपक्षात गाणी कसली म्हणून नाके मुरडणाऱ्या आज्या होत्या, पण मुलींना भिंत आणि मैत्रिणी मिळाल्यावर आज्यांचे कोण ऐकतो! आणि शेजारच्या माळवी मुली भोंडल्याला यायच्या, खिरापत ओळखायच्या, आमच्याहून आधी ओळखायच्या. या मुलींनी 'सांस्कृतिक आदानप्रदान' हा शब्द ऐकलेला नव्हता. त्यांना फक्त दोन्ही गाणी येत होती.

भाषेतही असेच घडते. इंदूरच्या सराफ्यात रात्री जी गोष्ट हमखास मिळते ती 'भुट्टे का कीस'. 'भुट्टा' तिकडचा आणि 'कीस' आपला, किसणे या क्रियापदातला. हिंदीभाषक गिऱ्हाईक तो शब्द सहज उच्चारतो. तो मराठी आहे हे त्याला सांगितले तर त्याला नवल वाटते. टेकडीवरच्या तुळजाभवानीसारखेच झाले हे. उलट बाजूने आमची मराठी. 'मला माहीत पडलं', 'एक घंटा लागेल', 'तो माझ्यापासून नाराज आहे'. आमच्या भागातल्या वक्तृत्वस्पर्धांत अशा वाक्यांना गुण कापले जातात. मी परीक्षक असते तेव्हा कापत नाही, आणि त्यावरून माझे सहकाऱ्यांशी खटके उडालेले आहेत. विद्यार्थ्याला प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, त्याविषयी वाद नाही. मी तीस वर्षे तेच करते आहे. पण 'माहीत पडलं' म्हणणारी मुलगी आपण कुठे राहतो ते प्रामाणिकपणे सांगत असते. तिचे गाव तिच्या वाक्यात आहे. ते पुसून तिला सदाशिव पेठेची मराठी दिली तर तिला पुण्याचे कुणी मानणार नाहीच, आणि देवासही हातचे जाईल.

या वाटेला किंमत पडते हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे भाषण फार गोड होईल. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ग्वाल्हेर संस्थानात नोकरी करणाऱ्या एका मराठी पोलीस अधिकाऱ्याचे हे दोन मुलगे. गजानन माधव हिंदीत लिहू लागले, १९४३ च्या 'तार सप्तक'मध्ये आले आणि आधुनिक हिंदी कवितेचा एक आधारस्तंभ झाले. शरच्चंद्र मराठीत राहिले, नागपूरला गेले. कविता, कादंबऱ्या, समीक्षा लिहिली आणि १९७९ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यांच्या एका मराठी कादंबरीचे नाव 'क्षिप्रा' आहे, उज्जैनच्या नदीचे. एका घरातल्या दोन भावांपैकी एकाने भाषा बदलली, दुसऱ्याने गाव सोडले आणि नदीचे नाव बरोबर नेले. कोण अधिक माळव्याचा? मला याचे उत्तर देता येत नाही, आणि वर्गात कुणी फार घाईने दिले तर मी त्याला दोघांचीही पुस्तके वाचायला देते. एवढे मात्र दिसते की दोघांनाही काहीतरी सोडावे लागले. इंदूरचे राहुल बारपुते घरात मराठी बोलत आणि 'नई दुनिया' हे हिंदी दैनिक संपादित करत. ते कुमारांचे जिवलग. चित्रकार विष्णू चिंचाळकर त्याच मेळ्यातले. ही माणसे हिंदीत काम करत होती म्हणून मराठीला मुकली असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही, पण त्यांच्या कर्तृत्वाची नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासात किती सापडते हे जरूर शोधून पाहावे.

आणि आता जे बोलायचे आहे ते थोडे अवघड आहे, कारण ते आपल्याच घरातले आहे. गावाने आपल्याला आपले म्हणावे असे आपल्याला वाटते. आपण कुणाला म्हणतो? आमच्या बऱ्याच गावांत मराठी मंडळींचा एखादा समाज असतो, सभागृह असते, गणपती बसतो. त्या सभागृहात माळवी शेजारी आरतीला येतो, प्रसाद घेतो आणि जातो. तो सभासद होऊ शकतो का? अनेक ठिकाणी नाही. इथवरही समजू शकते. पण आता आपल्या घरांत माळवी सुना आहेत. मी अशी एक सून जवळून ओळखते. तिला अथर्वशीर्ष पाठ आहे, पुरणपोळी सासूपेक्षा मऊ होते, मराठी ती बोलते आणि लिहितेही. वीस वर्षे ती गणपतीच्या दहा दिवसांत स्वयंपाकघर सांभाळते आहे. कार्यकारिणीत तिचे नाव सुचवले गेले तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'पण ती आपल्यातली नाही ना.' ते वाक्य मराठीत बोलले गेले, शुद्ध मराठीत. तिला ते समजले.

गावातली मराठी शाळा बंद झाली, मुले आता मराठी वाचत नाहीत, सभागृहात पांढऱ्या केसांखेरीज काही दिसत नाही, अशी तक्रार याच बैठकांतून दरवर्षी होते. तक्रार खरी आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवते तिथेही मराठीचा वर्ग भरवायला मला दारोदार हिंडावे लागते. मात्र गेल्या काही वर्षांत त्या वर्गात बसणाऱ्यांपैकी काही मुले मराठी घरांतली नाहीत. कुणाला कुमारांची मराठी गाणी कळून घ्यायची आहेत, कुणाची मैत्रीण मराठी आहे, एकीला आजीच्या शेजारणीने शिकवलेल्या भोंडल्याच्या गाण्यांचा अर्थ हवा होता. ती गाणी तिला पाठ होती, अर्थ मात्र माहीत नव्हता. अशा विद्यार्थ्यांना 'मराठी भाषक' या रकान्यात आपण कुठे बसवणार? अकादमीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात मातृभाषेचा रकाना असेल, तर त्याच्या खाली आणखी एक ओळ छापावी अशी माझी विनंती आहे : 'घरात किंवा शेजारात आणखी कोणती भाषा ऐकली?' एवढ्या एका ओळीने पुष्कळ माणसे आत येतील.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. आपल्या गावांतली मराठी जशी आहे तशी, 'माहीत पडलं'सकट, कुणीतरी उतरवून ठेवायला हवी. प्रबंधाची वाट पाहू नका. पितृपक्ष यंदाही येईल. आपापल्या गावातल्या पाच मराठी घरांत जा, साठीच्या पुढच्या बायकांना संजाची किती गाणी येतात ते विचारा, आणि पाच माळवी घरांत जाऊन भोंडल्याची किती येतात तेही विचारा. जशी म्हणतील तशी लिहा, शब्द सुधारू नका. कुणी 'ऐलोमा' मधेच सोडून संजाबाईच्या गाण्यात शिरली तर तेही तसेच लिहा. अशा जागाच मला हव्या आहेत. नाव, गाव, वय, आणि गाणे कुणाकडून आले तेवढे वर टिपा. वह्या मी बरोबर आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत. भरलेली वही परत आली की तिची एक प्रत अकादमीच्या ग्रंथालयात आणि एक त्या त्या घरी ठेवायची असे अध्यक्षांशी बोलून ठरवले आहे.

प्रश्नांसाठी वीस मिनिटे ठेवायला सांगितले होते, ती मी अर्धी खाल्ली आहेत. आता विचारा.